पारावरचे पत्ते आणि परवान्याचा जुगार



२०२५ सालचा पोळा २२ ऑगस्टला आला. त्या एका आठवड्यात तीन गोष्टी घडल्या. १९ ऑगस्टपासून केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ केले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि नंतर ३१ डिसेंबरपर्यंत. २० आणि २१ तारखेला संसदेने मोबाइलवरचे पैशाचे खेळ बंद करणारा कायदा मंजूर केला आणि पोळ्याच्याच दिवशी त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. तिसरी गोष्ट कोणत्याही पेपरात ठळक आली नाही. आमच्या भागातल्या एका गावात पोळा फुटल्यावर पारावर पत्ते कुटत बसलेल्या सात जणांना पोलिसांनी उचलले. पटावरचे पैसे, दोन मोटारसायकली आणि चार मोबाइल जप्त. सातांपैकी पाच जण कोरडवाहू शेतकरी, दोघे सालदार.

मी त्या सातांची वकिली करायला बसलेलो नाही. पोळ्याला पत्ते खेळावेत ही रीत आपल्याकडे आहे, आणि तिच्यापायी बैलजोडी गेलेली घरेही आपण पाहिली आहेत. पण ठाण्यात त्यांना सोडवायला गेलो तेव्हा ज्या कायद्याखाली त्यांना धरले तो मागवून वाचला. तो वाचून झाल्यापासून झोप लागत नाही.

कायदा इंग्रजांचा, १८८७ चा. मुंबई इलाख्यासाठी केलेला, पुढे आपल्याकडेही लागू झाला. कोणता जुगार धरायचा हे त्याच्या व्याख्येत लिहिले आहे, आणि तिथे सुरुवातीलाच नाव कोणाचे, तर कापसाचे! कापूस, अफू वा अन्य मालाच्या बाजारभावावर, त्या भावातल्या आकड्यांवर लावलेली पैज म्हणजे जुगार. त्याच्यापुढे पाऊस. पाऊस पडेल की नाही, किती पडेल, यावर लावलेली पैज म्हणजे जुगार.

आता मला सांगा, जूनमध्ये आपण दुसरे काय करतो? मृगाचा एक शिंतोडा पाहून बियाण्याची पाकिटे मातीत टाकतो. पाऊस दडी मारतो, दुबार पेरणी. बोंड फुटायच्या वेळेला काय भाव राहील हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसते. मुंबईचा सटोडिया पावसावर पैज हरला तर पैसे गमावून घरी जाई. आपण हरलो तर सातबारावर बोजा चढतो. आणि डाव अर्धा झाल्यावर, पऱ्हाटीला पात्या लागल्यावर, दिल्लीहून आयातशुल्क माफीचा हुकूम येतो. पत्ते वाटून झाल्यावर हुकूम बदलणारा खेळाडू पारावर असता तर तिथेच मार खाल्ला असता.

मटका तरी कुठून आला? आपल्याच कापसातून. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव किती उघडला, किती बंद झाला, ते आकडे तारेने मुंबईच्या कापूस बाजारात येत आणि त्यावर लोक पैसे लावत. १९६१ मध्ये ते आकडे बंद झाले. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. कापूस गेला, आकडा राहिला. तोच आकडा पुढे गावोगावच्या पानठेल्यांवर आला.

सरकारने त्यावर काय केले? १९६९ मध्ये स्वतःची लॉटरी काढली. सांगितले असे की लोक मटक्याकडे जाऊ नयेत म्हणून. आणि १८८७ च्या कायद्यात लॉटरी ही जुगाराच्या व्याख्येतून मुळातच वगळलेली आहे. परवाना असलेल्या मैदानात, शर्यतीच्या दिवशी घोड्यावर लावलेला पैसाही वगळलेला आहे. महालक्ष्मीला आणि पुण्याला तो उघड लागतो. घोड्याची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले, असेल. (आपला शंकरपट मात्र २०१४ ते २०२१ बंद होता. कारण वेगळे होते, जनावरांच्या छळाचे, हे मान्य. पण शंकरपटाचा बैल ज्याने पाळला आहे त्याला छळ शिकवायची गरज नसते.) कॅसिनोसाठी तर महाराष्ट्राने १९७६ मध्येच कायदा करून ठेवला, तो एक दिवसही लागू केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. शेजारी गोव्यात मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजे उभी आहेत. तिथे २०२० पासून गोव्याच्याच माणसाला खेळायला बंदी. म्हणजे खेळ वाईट आहे हे त्या सरकारलाही कळते. बाहेरच्याने हरावे एवढीच सोय.

जुगाराच्या अड्ड्यावर अड्डेवाला स्वतः पत्ते खेळत नाही. कोणीही जिंको, प्रत्येक डावातून तो आपला हिस्सा काढून घेतो. सरकारचे हिशेब याहून वेगळे दिसत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरी, कॅसिनो आणि घोड्यांवरच्या पैशावर ४० टक्के जीएसटी आहे. मोबाइलवरच्या खेळांवर ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के होता, तोही भरलेल्या पूर्ण रकमेवर. जो जुगार कर देतो तो करमणूक, जो देत नाही तो गुन्हा.

त्या मोबाइलच्या खेळाने काय केले ते मी एका घरात पाहिले. पोरगा बारावी झालेला, बापाचे खाते त्याच्याच फोनवर. पीककर्जाचे पैसे जमा झाले आणि तीन आठवड्यांत रमीत गेले. बापाला कळले तेव्हा कृषी केंद्राची उधारी तशीच होती आणि खताची दुसरी मात्रा द्यायची वेळ निघून गेली होती. त्या पोराने चोरून काही केले नव्हते. सिनेमातली माणसे त्याची जाहिरात करीत होती. रमी हा कौशल्याचा खेळ, हा न्यायालयाचा १९६७ सालचा निकाल कंपन्या दाखवीत होत्या. जुलै २०२५ मध्ये तर तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या फोनवर विधिमंडळातच रमी दिसल्याची चित्रफीत गाजली. ते म्हणाले, मी खेळत नव्हतो, आलेली जाहिरात घालवत होतो. महिनाअखेरीस त्यांच्याकडचे कृषिखाते गेले आणि क्रीडाखाते आले. यावर मी काही बोलत नाही.

आता वायदेबाजाराचे पाहा. ज्याच्या घरात दहा क्विंटल सोयाबीन आहे त्याला चार महिन्यांनंतरचा भाव आज कळला, आज बांधून घेता आला, तर तो जुगार खेळत नाही, जुगारातून उठतो. वायदेबाजारात सटोडिये नाहीत असे मी म्हणत नाही. आहेत, आणि आपला जोखमीचा भार उचलायला कोणीतरी लागतोच. पण २००७ मध्ये तुरीचा आणि उडदाचा वायदा बंद केला. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, हरभरा, गहू, मूग, मोहरी वगैरेंचा बंद केला आणि ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. कारण दिले महागाईचे. लॉटरीचे तिकीट विकताना सरकारला महागाई आठवत नाही. पाऊस आणि भाव या दोन्हींवरचा डाव आपल्या गळ्यात बांधायचा आणि त्यातून उठायची एक वाट होती तिलाच सट्टा म्हणून कुलूप घालायचे, हा कोणता न्याय?

मोबाइलचा कायदा मात्र मला एका गोष्टीसाठी बरा वाटला. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्या कंपनीला, जाहिरात करणाऱ्याला, पैशाची देवघेव करून देणाऱ्याला. हरणारा हा गुन्हेगार नसून नागवलेला आहे, हे सरकारने पहिल्यांदा कागदावर मान्य केले. मग पारावरच्या माणसाला वेगळा न्याय का? सट्टा-जुगार हा विषय घटनेने राज्याकडे दिलेला आहे, दिल्लीकडे बोट दाखवायची गरज नाही. जिल्हा बैठकीत मी ठराव मांडणार आहे तो असा: १८८७ चा कायदा मोडीत काढून नवा करावा, त्यात अड्डा चालवणारा आणि त्यातून हिस्सा खाणारा धरावा, खेळणारा सोडावा, सरकारी लॉटरीलाही तोच नियम लावावा; आणि तूर, सोयाबीन, हरभऱ्याच्या वायद्यावरची बंदी उठवावी. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी बैठकीत उभे राहून बोलावे. लॉटरी बंद केली तर मटका वाढेल, असे आमच्यातलेच काही म्हणतात, त्यांचेही ऐकू.

पोळ्यानंतर चार दिवसांनी त्या पोराचा बाप भेटला. म्हणाला, "भाऊ, सरकारनं तो खेळ बंद केला म्हणते, खरं हाय का?" म्हटले, खरे आहे. "मंग आमचे पैसे?"

कायद्यात त्याबद्दल काही नाही, एवढेच त्याला सांगता आले.