यादवी निर्वासित आणत नाहीत

बैरुतचा विषय निघाला की नागपुरातल्या गप्पांत एक वाक्य हमखास कानी येतं : पॅलेस्टिनी निर्वासितांना थारा दिला म्हणून लेबनॉन पेटलं, घ्या आणखी निर्वासित!

यात तथ्य आहे तेवढं आधी मान्य करू. १९६९च्या कैरो करारानं पॅलेस्टिनी संघटनांना लेबनॉनमध्ये सशस्त्र वावरायची मोकळीक मिळाली. जानेवारी १९७६मध्ये दामूर गावात त्यांच्या आणि मित्रगटांच्या बंदूकधाऱ्यांनी ख्रिस्ती रहिवाशांची कत्तल केली. पण मग १९५८चं काय करायचं? त्या वर्षीही लेबनॉनमध्ये यादवी झाली, अमेरिकी फौज उतरली. पॅलेस्टाईन मुक्ती संघटना स्थापन झाली १९६४ साली! १९३२च्या शिरगणतीवर बेतलेली धर्मवार सत्तावाटणी लेबनॉनला आधीच पोखरत होती. निर्वासित त्यात भरडले गेले. १९७६च्या उन्हाळ्यात तेल अल-झातर छावणीला वेढा पडला, तेव्हा पाणी आणायला बाहेर पडलेली माणसं टिपून मारली जात होती. त्यांना यादवीचे कर्ते म्हणायचं?

इतक्या लांब तरी कशाला जायचं? गडचिरोलीत पाहा. चामोर्शी-मुलचेरा भागात पूर्व बंगालचे निर्वासित १९६०च्या दशकात वसवले गेले. जंगल मोडून त्यांनी धानाची शेती केली, तळ्यांत मासे वाढवले. नक्षलवादी गोदावरी ओलांडून आले १९८० साली. तेंदूपत्त्याचा पडता भाव, बांबूतोडीची तुटपुंजी मजुरी आणि वनखात्याचा जाच, हे त्यांचं भांडवल. बंगाली वस्त्या नव्हेत. त्या वस्त्यांसाठी जंगल गेलं, ही आदिवासींची तक्रार मात्र रास्त आहे. ती सरकारी आखणीची चूक, बंगाली कुटुंबांच्या माथी ती मारता येत नाही. नक्षलवादी आल्यावर पुढची चार दशकं ती कुटुंबंही हिंसेच्या धास्तीत जगली.

‘त्यांना जमीन दिली, मत दिलं, आता आणखी काय?’ हा दुसरा आक्षेप. मत दिलं, हे खरंच. लेबनॉनमधल्या बहुतेक पॅलेस्टिनींना तेवढंही मिळालं नाही. हा फरक लहान नाही. नागपूरच्या जरीपटक्यात सिंधी निर्वासितांची वसाहत बाजारपेठ झाली, तीही मत आणि धंद्याची मोकळीक होती म्हणून. पण गडचिरोलीच्या बंगाली निर्वासितांमधले नमःशूद्र पश्चिम बंगालात अनुसूचित जातीत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. मुलचेऱ्याचा नमःशूद्र मुलगा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसतो आणि जातीच्या दाखल्यावर अडतो. असं अर्धवट पुनर्वसन करायचं आणि वर उपकार मोजायचे!

यादीत बदल संसद करते, पण प्रस्ताव राज्यानं पाठवावा लागतो. हिवाळी अधिवेशन नागपुरातच भरतं. विदर्भाच्या आमदारांनी हा प्रश्न तिथे लावून धरावा; लेबनॉनवरची भाषणं नंतर ऐकू.