कठड्यावरची हवा

दिवाळी सरली की नागपुरात सोलरच्या तक्रारींचा हंगाम सुरू होतो. मे महिन्यात ज्या टाकीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, तिच्यावर डिसेंबरात सगळ्या घराची सकाळ अवलंबून असते. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहराचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा सकाळी गरम पाण्याचा नळ सोडावा आणि त्यातून नुसती फुरफुर ऐकू यावी, मग फिटरचा फोन खणखणणारच. तक्रार ठरलेली असते: वर पाणी आहे, कढत आहे, पण खाली येत नाही, आलेच तर गुळण्या टाकत येते. उपायही ठरलेला असतो: प्रेशर पंप बसवून टाका. दहापैकी बऱ्याच घरांत हा प्रकार म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दोष असतो लाइनीच्या चढउतारात अडकलेल्या हवेचा आणि खर्च होतो मोटरवर.

ही हवा येते कुठून, हे ग्राहकाला सांगता आले पाहिजे. पाणी गार असताना हवा विरघळवून धरते आणि तापले की ती सोडते. १५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ६० अंशांना त्याच्या निम्माही मावत नाही. नायट्रोजनचेही तेच. सगळा हिशेब केला तर १०० लिटरची टाकी १५ वरून ६० अंशांपर्यंत तापताना जवळपास लिटरभर हवा बाहेर पडते. अर्ध्या इंची जीआय पाइपचा सुमारे पाच मीटरचा तुकडा भरून टाकायला एवढी हवा पुरते, आणि हे रोज घडते. म्हणजे जोडणी कितीही घट्ट असो, एकही गळती नसो, गरम लाइनीत हवा येणारच. ती बाहेर जायला वाट ठेवली आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

बेसा, मनीषनगर, हुडकेश्वर या बाजूच्या दुमजली घरांत गच्चीवर गेले की एक मांडणी हमखास दिसते. सोलरच्या टाकीतून गरम पाइप निघतो, स्लॅबपर्यंत उतरतो, स्लॅबवरून भिंतीपर्यंत जातो, तिथे तीन-साडेतीन फुटांचा कठडा चढतो, वर दोन एल्बो घेतो आणि बाहेरच्या भिंतीवरून खाली न्हाणीघराकडे जातो. कठड्यावरची ती जागा म्हणजे हवेचा मुक्काम. पाणी वापरात नसताना बुडबुडे सरकत सरकत तिथे जमतात. सकाळी नळ सोडला की पाणी कठड्यावरून पलीकडे झिरपते, पण उतरत्या पाइपातली हवा ढकलून काढण्याइतका जोर त्याच्यात नसतो. पलीकडच्या बाजूला हवेने भरलेला उभा भाग जितका उंच, तितका दाब उणा होतो. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराला मुळात दीड-दोन मीटरचाच दाब मिळतो. त्यातला एक मीटर हवेने खाल्ला तर नळाला धार राहत नाही. तळमजल्यावर मात्र पाणी बरे येते. म्हणूनच ‘खाली येते, वर येत नाही’ हे वाक्य ऐकले की फिटरने मोटरचे दुकान न गाठता आधी कठडा गाठावा.

यावर खरा इलाज एकच: पाइप कठड्यावरून न नेता कठड्यातून न्यावा. विटांच्या भिंतीत एक आरपार छिद्र, त्यात स्लीव्ह आणि भोवती पाणीरोधक भरण, एवढे काम अर्ध्या दिवसात होते. तेवढी मुभा नसेल तर उंचवट्यावर टी बसवून व्हेंट काढावा. त्याचे तोंड गार पाण्याच्या टाकीतील सर्वांत वरच्या पातळीपेक्षा उंच हवे, नाहीतर तिथून पाणी वाहत राहील. सकाळी अडलेली हवा तात्पुरती काढायची तर गरम आणि गार नळांना रबरी नळीने जोडून गारच्या दाबाने उलटे पाणी चढवण्याची जुनी युक्ती चालते, पण त्यासाठी गारचा दाब गरमपेक्षा चांगला जास्त असावा लागतो. हीच युक्ती दर आठवड्याला करावी लागत असेल, तर ती दुरुस्ती म्हणवत नाही.

फ्लॅट प्लेट सोलर असेल तर गोष्ट आणखी नाजूक होते. त्यात पाणी पंपाशिवाय फिरते, ते केवळ गरम पाणी हलके असते म्हणून. ५० अंशांच्या पाण्याचे एक घनमीटर ९८८ किलो भरते, ६० अंशांचे ९८३. म्हणजे एक मीटर उंचीच्या स्तंभात दहा अंशांच्या फरकाने मिळणारा जोर जेमतेम पाच मिलिमीटर पाण्याइतका! पॅनलकडून टाकीकडे जाणारी नळी मधेच झोळ पडून लोंबली, तर तिथे अडकलेला बोटभर बुडबुडाही सगळे अभिसरण थांबवतो. पॅनल हाताला चटका देते आणि टाकी कोमट राहते. हे लक्षण दिसले की काच पुसायच्या आधी नळीचा चढ पाहावा. तो पॅनलपासून टाकीपर्यंत सलग असला पाहिजे.

पंपाला या मासिकाचा विरोध नाही. पंपाच्या जागेबद्दल मात्र ठाम आग्रह आहे. अमेरिकेतले अभियंते गिल कार्लसन यांनी १९६० च्या दशकात घरे तापवणाऱ्या पाण्याच्या यंत्रणांसाठी एक सूत्र मांडले: जिथे प्रसरण टाकी जोडलेली असते, तिथला दाब पंप बदलू शकत नाही, म्हणून पंपाने त्या बिंदूपासून दूर ढकलावे. आपल्या साध्या, बिनदाबाच्या सोलरमध्ये तो बिंदू म्हणजे व्हेंट आणि गार टाकी. पंप तिथून लांब, कठड्यापलीकडे लावला तर उंचवट्यावर खेच निर्माण होते आणि व्हेंटमधून वा एखाद्या सैल जोडातून हवा आत ओढली जाते. तोच पंप सोलरच्या टाकीजवळ, खालच्या पातळीला, मोठ्या व्यासाच्या सक्शनवर लावला तर हवा पुढे ढकलली जाते. गार पाणी आत येणारा पाइप गरम पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपपेक्षा लहान असू नये. आणि बिनदाबाच्या टाकीच्या आधी, गार बाजूला पंप कधीच लावू नये.

पंप फक्त गार लाइनीवर असेल तर वेगळेच संकट येते. मिक्सरच्या दोन्ही बाजू उघड्या ठेवून पुढचा शॉवर बंद केला की जोराचे गार पाणी गरम लाइनीत घुसते, वर चढते आणि गच्चीवर व्हेंटमधून सांडते. मालकाला वाटते टाकी फुटली. गरम लाइनीवरच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हने ते थांबते, पण तो कमी दाबाला उघडणारा हवा, नाहीतर गरमची उरलीसुरली धारही जाईल.

आता आवाज. त्याची वेळ विचारली तर अर्धे निदान घरमालकच करून देतो. नळ बंद करताक्षणी ‘धाड’ असा ठोका बसत असेल तर तो वाहत्या पाण्याला अचानक लागलेला ब्रेक. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर त्याचे गणित बसवले. जीआय पाइपमध्ये सेकंदाला एक मीटर वेगाचे पाणी एकदम थांबले तर क्षणभर दाब बारा किलोच्या आसपास वाढतो. प्लास्टिकच्या पाइपमध्ये त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. गच्चीवरच्या टाकीच्या साध्या दाबावर हे क्वचित जाणवते. प्रेशर पंप आला, पाव फेऱ्यातला नळ आला, वॉशिंग मशीनचा व्हॉल्व्ह आला की ठोके सुरू होतात.

गरम नळ सोडल्यावर थोड्या वेळाने भिंतीत टकटक होत असेल तर ती हवा नव्हे. दहा मीटर सीपीव्हीसी पाइप ४० अंशांनी तापला की सुमारे अडीच सेंटिमीटर वाढतो. त्याच लांबीचा जीआय पाच मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. झिरीत सिमेंटने करकचून बुजवलेला सीपीव्हीसी वाढायला जागा शोधतो आणि अडखळत सरकतो, त्याचा तो आवाज. जीआयच्या सवयीने क्लॅम्प आवळणाऱ्या हाताला ही गोष्ट पुन्हा शिकावी लागते. गरम लाइनीला स्लीव्ह, सैल क्लिप आणि लांब पल्ल्यात एक वळसा, हे प्लास्टर होण्याआधीच पाहायचे.

गीझरमधून उकळी फुटल्यासारखी खदखद येत असेल तर बहुधा बोअरवेलचे पाणी आणि क्षार. तापलेल्या कॉइलवर कॅल्शियमचा थर बसतो, त्याखाली पाण्याच्या वाफा होतात आणि त्या फुटतात. इथे कॉइल साफ करण्यावाचून गत्यंतर नाही, आणि शक्य तिथे गीझरला नळाचेच पाणी द्यावे.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा सगळा प्रपंच वेगळ्या रूपात भेटतो. तिथे भिंतीवरचा रेडिएटर खाली गरम आणि वर गार लागला की वर हवा साचली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. छोट्या चावीने वरचा स्क्रू सैल करून हवा सोडायची आणि पाण्याचा थेंब दिसला की बंद करायचा, हे काम थंडीच्या तोंडावर घरोघरी होते. आपल्याकडे घरमालकाला असे काही करता येण्याजोगी जागाच आपण ठेवत नाही. उंचवटा भिंतीत गाडतो, व्हेंट विसरतो आणि लाइन कुठून गेली याचा कागदही देत नाही.

तो कागद द्यायला सुरुवात करावी, अशी या अंकातून सर्व फिटर, सोलर विक्रेते आणि कंत्राटदार बंधूंना विनंती आहे. गरम लाइनीचा मार्ग, पाइपचा व्यास, सर्वांत उंच बिंदू आणि व्हेंटची जागा, एवढे साध्या पेन्सिलीने काढलेले रेखाटन प्लास्टिकच्या पिशवीत घालून टाकीच्या स्टँडला बांधावे. आणि ज्यांनी कठड्यातून लाइन काढून किंवा पंपाची जागा बदलून एखादी जुनी तक्रार मिटवली असेल, त्यांनी आधीची आणि नंतरची मांडणी काढून मासिकाकडे पाठवावी. जानेवारीच्या अंकात ती रेखाटने छापली जातील.