बारा महिने, बारा पुस्तकं आणि त्यातला माझा रकाना

गेल्या वर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शिक्षकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक तक्ता आला. बारा महिने, बारा रकाने. दर महिन्याला आपल्याहून वेगळ्या माणसाचं एक पुस्तक वाचायचं आणि महिनाअखेरीस त्याविषयी चार ओळी लिहायच्या. दलित लेखक, आदिवासी लेखक, भटक्या-विमुक्तांतला लेखक, स्त्रीचं आत्मचरित्र, दुसऱ्या भारतीय भाषेतून आलेलं पुस्तक असं करत करत मी खाली आले. सप्टेंबरच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मुस्लिम लेखकाचं एक पुस्तक'.

मला आधी हसू आलं. मी वाचक म्हणून यादी बघत होते आणि यादीत मीच बसलेले होते. मग थोडं वाईटही वाटलं. तीस-पस्तीस शिक्षकांच्या गटात मुस्लिम म्हणजे 'आपल्याहून वेगळा माणूस', हे तक्ता करणाऱ्याला सांगावंही लागलं नव्हतं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. उलट मनात चांगलं होतं म्हणूनच तो रकाना होता. तरीही महिनाभर वाचून, खूण करून पुढे जायची जागा म्हणजे आपण, हे पचायला वेळ लागला.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, गरज पडली तर उर्दूही. घरी दखनी बोलते. नातेवाईक विचारतात, "मराठी पढके क्या करनेवाली?" आणि मराठी कार्यक्रमाला गेले की कुणीतरी कौतुकानं म्हणतंच, "मॅडम, तुमचं मराठी किती छान!" ज्या भाषेत मी लहानपणी शाळेत मार खाल्ला, बी.एड. केलं, भांडले, रडले, त्या भाषेबद्दल मला शाबासकी मिळते. हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना आहे, त्यामुळे जास्त सांगत नाही.

तर मी तो तक्ता स्वीकारला आणि बारा महिने पाळला. आता वर्ष संपल्यावर त्यातून काय हाती लागलं ते लिहिते आहे. काही तक्रारी इतरांबद्दल आहेत. त्यापेक्षा मोठ्या माझ्याबद्दल आहेत.

आधी इतरांबद्दल. सप्टेंबर आला तेव्हा गटावर पुस्तकांची नावं येऊ लागली. बहुतेकांनी निवडली ती काबूलची, तेहरानची, पाकिस्तानची पुस्तकं. पुस्तकं चांगली होती आणि लिहिलेल्या ओळीही मनापासून होत्या. पण मराठीत लिहिणारा मुस्लिम लेखक निवडणारे आम्ही फक्त दोघं निघालो. दूरचा मुसलमान वाचायला सोपा असतो. त्याचं दुःख बुरख्याचं, युद्धाचं, दुसऱ्या देशाचं असतं; ते वाचून आपल्याला काहीच बदलावं लागत नाही. पण आपल्याच एसटीत, आपल्याच बाजारात बसलेला, आपल्याच भाषेत बोलणारा मुसलमान वाचला तर घर भाड्यानं देताना आपण काय विचारलं होतं, हेही आठवू शकतं.

मराठीत पुस्तकं नाहीत म्हणावं, तर तसंही नाही. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. शाहीर अमर शेखांच्या आवाजानं संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजल्या. १९९० साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते. त्याच सुमारास सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलनाची सुरुवात झाली आणि प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या चळवळीत उमेदीची वर्षं घातली. हे सगळं शोधायला काबूलला जावं लागत नाही. तालुक्याच्या वाचनालयात जावं लागतं.

मी गेले. मला हमीद दलवाईंची 'इंधन' हवी होती. मिळाली, पण पुस्तकाच्या मागच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा होता.

इथून माझ्यावरची तक्रार सुरू होते. दलवाईंबद्दल माझी मतं विशीपासून ठाम होती. मुस्लिम सत्यशोधक मंडळ, तलाकचा मोर्चा, त्यावरचे वाद, या सगळ्यावर मी बोलू शकत होते. 'इंधन' मात्र मी वाचलेली नव्हती. माझ्या लक्षात आलं की दलवाईंना शिव्या देणाऱ्या आमच्या लोकांनी ती वाचलेली नाही, आणि 'मुसलमानांनी दलवाईंचा आदर्श घ्यावा' असं आम्हाला वर्षातून दोनदा सुनावणाऱ्यांनीही नाही. दोघांनाही त्यांचं नाव पुरतं. कादंबरी उघडली तर तिथं कोकणातलं एक गाव होतं, बऱ्याच वर्षांनी घरी परतलेला माणूस होता, एकमेकांची कुळं-मुळं माहीत असलेले हिंदू-मुसलमान होते आणि हळूहळू तापत जाणारी हवा होती. त्यात कुणी आदर्श नाही आणि कुणी नुसता खलनायकही नाही. पुस्तक मिटल्यावर दलवाईंच्या काही राजकीय मतांशी माझं अजूनही पटत नाही. पण आता ते न पटणं वाचलेल्या माणसाचं आहे. आधीचं ऐकीव होतं.

दुसरा धक्का मार्चमध्ये बसला होता. दलित लेखिकेच्या रकान्यासाठी मी फलटणच्या बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' घेतलं. मराठी शिकवायला लागून मला वीस वर्षं झाली. 'बलुतं' आणि 'उपरा' कॉलेजात वाचली होती, तीही परीक्षेपुरती. हे पुस्तक फक्त नावानं माहीत होतं. बेबीताईंनी दुकान सांभाळत, घरच्यांपासून वह्या लपवून ते लिहिलं. गावानं आपल्या लोकांना कसं वागवलं ते त्या सांगतात, आणि त्याच दमात आपल्या वस्तीतल्या सासवा कोवळ्या सुनांना कसं छळत होत्या, अंगात येण्यापायी माणसं कशी नागवली जात होती, तेही सांगतात. समाजावर त्यांचं इतकं प्रेम आहे की त्यांना काही झाकावं लागत नाही.

ते वाचताना मला आमच्या बैठका आठवल्या. आपल्या घरातली एखादी वाईट गोष्ट कुणी बोलायला लागलं की आपण म्हणतो, "आत्ता नको. दिवस बरे नाहीत. हे वाक्य उचलून उद्या आपल्याच डोक्यात घालतील." आणि हे खोटं नाही. खरोखरच घालतात. एखाद्या मुस्लिम बाईनं नवऱ्याबद्दल लिहिलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी संपूर्ण कौमेवरच्या निकालासारखं फिरवलं जातं. पण बेबीताईंचे दिवस तरी कुठे बरे होते? त्यांच्या समाजाला नावं ठेवायला सगळा गाव टपलेलाच होता. तरी त्यांनी लिहिलं.

मे महिन्यात कर्नाटकातल्या हासनच्या वकील-लेखिका बानू मुश्ताक यांना 'हार्ट लॅम्प' या कथासंग्रहासाठी आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. कन्नडमधल्या बारा कथा, दीपा भास्ती यांनी इंग्रजीत आणलेल्या. आमच्या गटांवर अभिनंदनाचा पाऊस पडला. उर्दू बोलणाऱ्या घरातली मुलगी कन्नड शाळेत गेली आणि कन्नडची लेखिका झाली, याचा मलाही फार आनंद झाला, कारण त्यात माझीच गोष्ट होती. पण त्या कथा आहेत मुस्लिम घरांतल्या बायकांच्या, आणि त्यांतले पुरुष काही देवदूत नाहीत. अभिनंदन करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या वाचल्या असतील? आणि अशाच कथा आपल्या मोहल्ल्यातल्या मुलीनं मराठीत लिहिल्या तर तिच्यावरही फुलं पडतील का?

या वर्षात आणखी एक गोष्ट खुपली. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचताना मला आमच्या गावाबाहेरच्या छप्परबंदांची पालं आठवली. मदारी आठवले, फकीर आठवले. आमच्यात जात नाही असं आपण जलशात सांगतो, आणि स्थळ बघताना मोमीन की पिंजारी, बागवान की तांबोळी, हे हळूच विचारतो. 'मुस्लिम लेखक' हा एक रकाना आहे म्हणून मी रागावले होते. पण माझ्या स्वतःच्या मनात तरी त्या एका रकान्याच्या आत किती माणसं होती?

आता या सगळ्या प्रकाराला माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा जो आक्षेप आहे तो प्रामाणिकपणे मांडते. सर म्हणतात, "वाचन आनंदासाठी असतं. लेखकाची जात-धर्म बघून पुस्तक उचलणं हा साहित्याचा अपमान आहे. चांगलं पुस्तक वाचा, बस्स." आक्षेप वजनदार आहे. खूण करण्यापुरतं वाचलं तर आनंद जातो, हे मला पटतं. एका समाजाचं एकच पुस्तक वाचून 'आता मला ते लोक कळले' असं वाटणं तर धोक्याचंच.

पण सरांना मी एकच विचारलं, "गेल्या दहा वर्षांत तुम्ही आनंदासाठी वाचलेली पुस्तकं सांगा." त्यांनी सांगितली. सगळे लेखक साधारण एकाच थरातले, दोन-तीन शहरांतले. सरांनी जात बघून निवडली नव्हती, हे खरं. पण वाचनालयाच्या दर्शनी कपाटानं, पुरवण्यांनी, पाठ्यपुस्तकांनी आधीच निवडून त्यांच्या हातात दिली होती. रकाने आधीही होतेच, फक्त ते कुणी लिहून दाखवले नव्हते.

अमेरिकेत ही चर्चा फार आधी झाली. तिथे १९८५ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बालपुस्तक केंद्रानं मोजणी केली, तेव्हा वर्षभरात निघालेल्या सुमारे अडीच हजार मुलांच्या पुस्तकांपैकी कृष्णवर्णीयांनी केलेली फक्त १८ निघाली. १९९० साली रुडीन सिम्स बिशप या प्राध्यापिकेनं एका निबंधात मांडलं की मुलांसाठी पुस्तक कधी खिडकी असतं, कधी सरकतं काचेचं दार असतं आणि कधी आरसा. ज्यांना पुस्तकात कायम आरसाच मिळतो त्यांचंही नुकसान होतं, आणि ज्यांना तो कधीच मिळत नाही त्यांचंही. माझ्या वर्गात बसलेल्या मुलींना मराठी पुस्तकात बहुतेक वेळा खिडकीच मिळते. आणि शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलांना आमच्या घराकडे उघडणारी खिडकी मिळत नाही.

म्हणून जूनपासून मी हा प्रयोग नववीच्या वर्गात नेला. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, आपण वाचन प्रेरणा दिन करतो. एक तास मुलांच्या हाती पुस्तकं, मग फोटो, मग पुस्तकं कपाटात. मी ते कपाट वर्षभर उघडं ठेवायचं ठरवलं. अट एकच: उर्दू एक, तर मराठी एक.

जुलैत एका मुलीचे अब्बा शाळेत आले. ते गॅरेजमध्ये काम करतात. हातात लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' होतं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की हे धर्म बदलणाऱ्या लोकांचं पुस्तक आहे. ते भांडायला आले नव्हते, घाबरले होते. म्हणाले, "बाजी, मेरेकू मराठी पढने नै आता. तुमीच पढके सुनाओ, इसमें क्या है."

मी त्यांना खुर्ची दिली आणि दोन पानं वाचली. अडलं तिथं दखनीत सांगितलं. नवरा ख्रिस्ती झाल्यावर एका बाईच्या घरादाराचं काय झालं, ती कशी एकटी पडली, आणि तरी तिचं हसणं कसं गेलं नाही. ते मध्येच एकदा मोठ्यानं हसले. मग थोडा वेळ गप्प बसले. जाताना म्हणाले, "पढने दो उसकू. मगर पूरा हुवे बाद मेरेकू भी बताने बोलो."

त्या मुलीनं पुस्तक संपवायला तीन महिने लावले. रोज रात्री अब्बांना थोडं थोडं सांगायची, म्हणून वेळ लागला. त्या घरात बाकीचे अकरा रकाने रिकामेच राहिले. मला त्याचं काही वाटत नाही.

या वर्षी तक्ता मी केला आहे. त्यात 'मुस्लिम लेखक' असा रकाना ठेवलेला नाही. त्याऐवजी चार अटी घातल्या आहेत. बारापैकी तीन पुस्तकं आपल्या जिल्ह्यातल्या किंवा शेजारच्या जिल्ह्यातल्या लेखकांची हवीत. एका समाजाचं एक वाचलं तर त्याच समाजातलं, त्याच्याशी न पटणारं दुसरंही वाचायचं. एक पुस्तक आपल्याच लोकांपैकी अशा कुणाचं, ज्याला आपण न वाचता नावं ठेवत आलो. आणि एक पुस्तक घरातल्या ज्या माणसाला ती लिपी येत नाही त्याला वाचून दाखवायचं.

तुम्ही माझ्याबरोबर येणार असाल तर तालुक्याच्या वाचनालयातून सुरुवात करा. 'इंधन' मी परत केली आहे. चिठ्ठीवर नवा शिक्का आहे, त्याखाली बरीच जागा आहे.