मणिकर्णिकेवरची परीक्षा

एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका विक्रम संवत १६३० मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये, वाराणसीत मणिकर्णिकेच्या तीरी पूर्ण केली. महीपतींनी जपलेल्या चरित्रकथेनुसार पैठणहून काशीस त्यांना यावे लागले ते यात्रेसाठी नव्हे; देवभाषेतील ग्रंथ प्राकृतात उतरविल्याचा जाब देण्यासाठी. आरंभीचे अध्याय काशीतील एका संन्याशाच्या पाहण्यात आले, तो संतापला, पंडितांची सभा बसली आणि अखेर ज्या ग्रंथावर आक्षेप होता त्याचाच गौरव झाला. कथेतील चमत्काराचा अंश वगळला तरी एक गोष्ट शिल्लक राहते. परीक्षकांनी ग्रंथ वाचला. त्यांचा पूर्वग्रह उघड होता, त्यांचा अधिकार जन्मावर उभा होता, आणि त्या सभेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही त्यांचे मत पालटू शकले, कारण त्यांच्यापुढे उमेदवाराने लिहिलेले काही होते.

त्याच नगरीतील काशी हिंदू विश्वविद्यालयात मराठीचा विभाग आहे. पदवीचे प्रवेश तेथे २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेने, ‘सीयूईटी’ने, होतात. या परीक्षेच्या १३ भाषांत मराठीचा समावेश आहे, याचे अनेकांस समाधान वाटते. ते समाधान तपासून पाहावे. २०२५ च्या रचनेत एका विषयाला ५० प्रश्न आणि ६० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नास ७२ सेकंद. बरोबर उत्तरास पाच गुण, चुकल्यास एक वजा. उताऱ्याचे आकलन, शब्दसंपत्ती, साहित्याची जाण, सारे चार पर्यायांत बसविलेले. मराठीची परीक्षा देऊन उठलेल्या विद्यार्थ्याने मराठीत एक वाक्यही लिहिलेले नसते.

अशा परीक्षेची तयारी कशी होणार हे वेगळे सांगावयास नको. कवितेचे दोन अर्थ संभवतात असे ज्याच्या ध्यानी येते तो मुलगा इथे मागे पडतो. एक पर्याय चटकन खोडणारा पुढे जातो. महाराष्ट्रात तर रोग अधिक जुना आहे. कनिष्ठ महाविद्यालयात नाव, दिवसभर शिकवणीवर्गात मुक्काम, ही ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्था इतकी बोकाळली की २०१८ मध्ये शासनाला विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा हुकूम काढावा लागला. बोटाचा ठसा उमटविला म्हणजे विद्यार्थी वर्गात आला, असे समजणारे शासनही धन्यच! मराठी सक्तीचा २०२० चा कायदा दहावीपाशी थांबतो. अकरावीत प्रवेश परीक्षेची तयारी सुरू होते आणि मराठीऐवजी माहिती तंत्रज्ञान घेण्याची मुभा असते. गुण सोपे, वेळ मोकळा. पालकांना दोष द्यावा तर त्यांचा हिशेब बरोबर आहे. ज्याचे मोल प्रवेशात शून्य, त्यावर दोन वर्षे कोण घालवील?

यावर एक आक्षेप संभवतो. राज्योराज्यीच्या मंडळांचे गुण सारख्या मापाचे नव्हते, कोठे उधळपट्टी तर कोठे कृपणता होती. यंत्र निदान पक्षपात करीत नाही. आक्षेपाचा पूर्वार्ध मान्यच करावा लागेल. उत्तरार्धात मात्र गफलत आहे. पक्षपात न करणे आणि वाचताच न येणे ही दोन वेगळी लक्षणे आहेत. काशीच्या पंडिताला निरुत्तर करता येत होते. उत्तरसूचीला कोण निरुत्तर करणार?

संघ लोकसेवा आयोगाने कोठारी समितीच्या शिफारशीनुसार १९७९ पासून नागरी सेवांसाठी पूर्वपरीक्षा सुरू केली. पर्यायी उत्तरांची ती चाळणी आहे, आणि तिचे गुण अंतिम निवडीत धरले जात नाहीत. खरा निवाडा मुख्य परीक्षेत होतो. तेथे उमेदवाराला निबंध लिहावा लागतो, मराठीतही लिहिता येतो, आणि तो कोणीतरी वाचतो. भावी जिल्हाधिकाऱ्याची पारख करताना जी चाळणी अपुरी ठरते, तीच भाषेच्या भावी अभ्यासकासाठी पुरेशी कशी? सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना पूर्वपरीक्षा तेवढी दिली आहे. मुख्य परीक्षा घ्यावयाची राहूनच गेली आहे.

खर्चाची आणि संख्येची सबब सांगितली जाते. राज्य मंडळाचे शिक्षक दर वर्षी बारावीच्या लक्षावधी उत्तरपत्रिका हाताने तपासतात, त्यांत मराठीच्याही असतात. वाचणारे आहेत, वाचनही होते. केंद्रीय विद्यापीठांच्या या प्रवेशात त्या गुणांना पात्रतेपलीकडे किंमत उरलेली नाही, एवढेच. निदान जो विद्यार्थी भाषाविषयात पदवी घेऊ इच्छितो त्याच्याकडून त्या भाषेत दोन पाने लिहून घ्यावीत आणि दोन अध्यापकांनी ती वाचावीत.