पोहण्याचा तलाव आणि लातूरची पाणीगाडी

उन्हाळा आला की टँकरची चर्चा होते, हिशेब मात्र कुणी करत नाही. हिशेब सोपा आहे: लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली. ऑलिम्पिक तलाव ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद. खोली २ मीटर धरली तर २५०० घनमीटर, म्हणजे २५ लाख लिटर. २०१६ मध्ये मिरजहून लातूरला ५० वाघिणींची रेल्वे एका खेपेत एवढंच पाणी नेत होती. माणशी ५५ लिटरच्या सरकारी निकषाने हे ४५ हजार लोकांचं एका दिवसाचं पाणी. तलावाचं पाणी गाळून पुन्हा वापरतात, हे खरं. पण पहिली भरणी टंचाईतच का? वाहत्या नदीवरही वुजूत पाणी वाया घालवू नये, ही आपली तालीम. सुरुवात मस्जिदीच्या नळापासून करू या, मग पालिकेलाही विचारू या: आधी तलाव की वस्तीची टाकी?