तह राष्ट्रांचे, विवेक चळवळीचा

राष्ट्रे स्वार्थासाठी तह करतात आणि स्वार्थासाठीच ते मोडतात, यात नवल नाही. खरा प्रश्न आहे तो अशा तहांना सिद्धांताचा मुलामा देणाऱ्या पक्षांचा.

२३ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनी व सोव्हिएत संघ यांच्यात अनाक्रमणाचा करार झाला. त्याच्या गुप्त पुरवणीत पोलंडची वाटणी ठरली होती. ती पुरवणी अस्तित्वात असल्याची कबुली मॉस्कोने १९८९ मध्ये दिली. अर्थात, १९३८ साली म्युनिकमध्ये ब्रिटन-फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा बळी दिला आणि सोव्हिएत संघाला त्या परिषदेस बोलावलेही नाही, हे विसरता येणार नाही. स्टॅलिनने सवड मिळवली, असेही म्हणता येईल. परंतु त्या सवडीत धान्य, खनिज तेल आणि मँगनीज जर्मन युद्धयंत्राला मिळत राहिले. २२ जून १९४१ रोजी तेच यंत्र पुरवठा करणाऱ्यावर उलटले. तीन आठवड्यांत ब्रिटन व सोव्हिएत संघ दोस्त झाले.

राज्यकर्त्यांच्या या डावात चळवळींचे काय झाले? ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस हॅरी पॉलिट हे मूळचे बॉयलर कामगार. सप्टेंबर १९३९ मध्ये त्यांनी फॅसिझमविरोधी युद्धाला पाठिंबा दिला. मॉस्कोच्या आदेशाने ते युद्ध 'साम्राज्यशाही' ठरले आणि पॉलिट यांना पद सोडावे लागले. १९४१ मध्ये युद्ध पुन्हा न्याय्य ठरले व पॉलिट पदावर परतले. हिटलर तोच होता, पॉलिटही तेच होते. बदलली होती ती केवळ आघाडी.

भारतातही हेच घडले. १९४१ च्या अखेरीस भारतीय कम्युनिस्ट पक्षाने 'लोकयुद्धा'ची भूमिका स्वीकारली. जुलै १९४२ मध्ये त्याच्यावरील बंदी उठली आणि ऑगस्टमध्ये देश 'चले जाव'च्या लढ्यात उतरला, तेव्हा तो पक्ष त्याबाहेर राहिला. त्याच्या कार्यकर्त्यांच्या त्यागाविषयी शंका नाही. फॅसिझमला विरोध करण्यातही त्यांची चूक नव्हती. चूक होती ती आपला निर्णय दुसऱ्या राष्ट्राच्या परराष्ट्र खात्यावर सोपवण्याची.

आक्रमण कोणी केले, भूमी कोणाची गेली, मरणारा कोण, हे तीन प्रश्न प्रत्येक युद्धात प्रथम विचारले पाहिजेत. त्यांची उत्तरे आघाडीबरोबर बदलत नाहीत. ती गैरसोयीची असली तरी उघडपणे मांडणे, हे समाजवादी कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे.