धागा मजुरीचा आणि धागा आनंदाचा

हिवाळ्याच्या आरंभी एके दिवशी हस्तकलेच्या तासाला आम्ही लोकरीचे गुंडे आणि सुया वर्गात आणून ठेवल्या. काही मुलींचे डोळे चमकले. मुलगे, हे आपले काम नव्हे अशा चेहऱ्याने, खिडकीबाहेर पाहू लागले. शेवटच्या बाकावरील एक मुलगी मात्र उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "बाई, माझे वडील रात्रभर लूमवर तुटलेला धागा सांधतात. आई दिवसभर साड्यांचे धागे कापते. सुट्टीच्या दिवशी मीही तिच्याबरोबर बसते. मग शाळेतही धागाच कशाला?"

त्या क्षणी आम्हांस उत्तर सुचले नाही. प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. तो अनुभवाचा होता. पुस्तकात वाचलेले चार शब्द सांगून त्याची बोळवण करणे हा त्या मुलीवर अन्याय झाला असता. तिला द्यावयाचे उत्तर आज, थोडे उशिरा का होईना, या पानांवर मांडीत आहो.

चलथाण आणि त्याच्या आसपासचा प्रदेश ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या प्रश्नाचे वजन कळेल. एका बाजूला उसाची शेते आणि सहकारी साखर कारखाना, दुसऱ्या बाजूला सुरतेपर्यंत पसरलेले कापडाचे कारखाने. ताप्ती खोऱ्याच्या लोहमार्गाने नंदुरबार, धुळे, जळगाव या भागांतून कितीतरी मराठी कुटुंबे पोटासाठी इकडे आली आणि इकडचीच झाली. त्यांतील अनेकांच्या घरी सूर्योदय आणि सूर्यास्त यांपेक्षा पाळीचा भोंगा अधिक महत्त्वाचा. 12-12 तासांच्या पाळ्या, कानठळ्या बसविणारा आवाज, आणि एका माणसाच्या नजरेखाली चालणारे कित्येक माग. घरी बसून स्त्रिया साड्यांना लेस लावतात, खडे चिकटवितात, सुटलेले धागे कापतात आणि नगावर मजुरी घेतात. या घरांत धागा म्हणजे भाकरी आहे, आणि तिचा आदर राखूनच आम्ही पुढे लिहितो.

तरीही आमचे मत असे आहे की, ज्या घरात धागा मजुरीसाठी हाताळला जातो, त्याच घरातील मुलामुलींनी तो एकदा आनंदासाठी हाती घेतला पाहिजे. नव्हे, इतरांपेक्षा त्यांनाच त्याची गरज अधिक आहे.

मजुरीच्या धाग्याचे स्वरूप कसे असते ते पाहा. कापणाऱ्याने फक्त कापावयाचे, चिकटविणाऱ्याने फक्त चिकटवावयाचे. साडी कोणत्या रंगाची असावी, काठ कसा असावा, हे त्याला कोणी विचारीत नाही. ती साडी पुढे कोण नेसणार, हेही त्याला कळत नाही. चूक झाली तर मजुरी कापली जाते. चांगले झाले तरी नाव होत नाही. या उलट, दोन सुया आणि एक गुंडा घेऊन बसलेली मुलगी पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत आपल्या कामाची मालकीण असते. किती टाके घालावयाचे, कोणत्या ओळीत रंग बदलावयाचा, वस्तू कोणासाठी करावयाची, हे तीच ठरविते. धागा तोच, परंतु एकीकडे हात दुसऱ्याच्या बुद्धीने चालतात आणि दुसरीकडे स्वतःच्या. निर्मितीचा आनंद म्हणून ज्याला म्हणतात तो या फरकात आहे.

विणकामाची खुबी त्याच्या रचनेतच आहे. मागावरचे कापड दोन प्रकारच्या धाग्यांनी तयार होते. उभा ताणा आणि आडवा बाणा. सुयांवरचे विणकाम एकाच धाग्याचे. त्या धाग्याचा एक फास, त्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, अशी ती साखळी वाढत जाते. फासांना सरकण्यास जागा असते, म्हणून विणलेले वस्त्र ताणले जाते आणि पुन्हा मूळ आकारास येते. सुलट आणि उलट असे टाके दोनच. पण त्यांच्या मांडणीतून पट्ट्या, चौकटी, वेण्या, पाने असे असंख्य नमुने निघतात. क्रोशात तर सुई एकच. साखळी, मुका खांब आणि खांब एवढे तीन प्रकार हातात बसले की रुमालाच्या कडेपासून दाराच्या तोरणापर्यंत काहीही करता येते. कारखान्यांनी जग व्यापले असले तरी बाजारासाठी होणारी क्रोशाची खरी वीण अद्याप माणसाच्या हातानेच होते. कापडाच्या नगरीत राहणाऱ्यांनी ही गोष्ट अभिमानाने लक्षात ठेवावी.

याहून मोठा गुण आणखी एक आहे. विणलेले उसवता येते. कापड कात्रीने चुकीचे कापले गेले तर ते वाया जाते; विणताना चूक झाली तर सुई काढावी, धागा ओढावा, चुकलेल्या ओळीपर्यंत यावे आणि पुन्हा आरंभ करावा. धागा एक वीतभरही कमी होत नाही. परीक्षेत एक उत्तर चुकले म्हणून रात्र रात्र रडणारी मुले आम्ही पाहतो, तेव्हा वाटते की यांना कोणीतरी लहानपणीच उसवावयास शिकविले असते तर किती बरे झाले असते! चूक मान्य करणे, ती नेमकी कोठे झाली हे शोधणे आणि कपाळाला हात न लावता पुन्हा कामास लागणे, हा धडा सुयांइतक्या सौम्यपणे दुसरे कोणी शिकवीत नाही.

पालकांपैकी कोणी म्हणतील, "हे सर्व ठीक, पण हा वेळ गणिताला दिला तर चार गुण वाढतील." त्यांना आमचे नम्र सांगणे असे की, विणकाम हे गणितच आहे. दोन सुलट, दोन उलट अशी वीण घालावयाची तर टाक्यांना 4 ने भाग गेला पाहिजे. खांदे उतरविताना दर किती ओळींनी टाका कमी करावयाचा, हा प्रमाणाचा हिशेब आहे. आणि हे केवळ शाळेपुरते नाही. विशिष्ट प्रकारचा वक्र पृष्ठभाग, ज्यावर युक्लिडच्या समांतर रेषांचा नियम चालत नाही, तो कागदावर काढून दाखविणे गणितज्ञांना अवघड जात होते. 1997 साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना या मूळच्या लॅटव्हियाच्या गणितज्ञ बाईंनी तो चक्क क्रोशाने विणला. युक्ती सोपी होती. प्रत्येक ओळीत ठराविक प्रमाणाने टाके वाढवीत जावयाचे. मग कापड सपाट न राहता झालरीसारखे मुरडत जाते. आपल्या वर्गातील कोणीही दर 5 टाक्यांमागे एक टाका वाढवून हा प्रयोग करून पाहावा. उच्च गणिताचे एक दार क्रोशाच्या सुईनेही उघडते, हे आपल्या हातात दिसेल.

खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलग्यांसही दोन शब्द. विणकाम बायकांचे, हा समज फार जुना नाही. युरोपात एके काळी विणकऱ्यांचे संघ असत आणि त्यांत पुरुषच प्रामुख्याने असत. मोजे विणण्याचे पहिले यंत्र 1589 च्या सुमारास इंग्लंडात विल्यम ली या पुरुषानेच काढले. आणि दूर कशाला जावयाचे? सुरतेचे माग चालविणारे तुमचे वडील आणि काका पुरुष नाहीत काय? पगार मिळतो तेव्हा धागा पुरुषाचा आणि पगार नसेल तेव्हा बाईचा, ही वाटणी न्यायाची नाही. स्वतःची कानटोपी स्वतः विणणारा मुलगा आमच्या मते चार मुलांत उठून दिसेल, आणि त्याला हसणाऱ्यांनी आधी एक ओळ विणून दाखवावी.

हाताच्या कामाला शिक्षणात स्थान असावे, हा विचार आपल्या भूमीला नवा नाही. 1917 साली येथून जवळच भरूच येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींची गंगाबेन मजमुदार यांच्याशी भेट झाली. पुढे याच बाईंनी बडोदे संस्थानातील विजापूर येथे अडगळीत पडलेले चरखे शोधून काढले. पेळू मिळाले आणि सूत विकत घेणारा असला तर कातावयास तेथील लोक तयार होते. त्यानंतर 20 वर्षांनी, 1937 साली, वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योग हा शिक्षणाचा केंद्रबिंदू असावा असा विचार मांडला गेला, आणि पुढे अनेक शाळांतून टकळी फिरू लागली. आपल्या घरातील कोणी वृद्ध आजीआजोबा शाळेत सूत कातल्याची आठवण सांगत असतील, तर ती मुद्दाम विचारून घ्यावी.

मात्र येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. हाताचे काम आहे म्हणून ते आपोआप आनंदाचे होते, असे नाही. आंध्र प्रदेशातील नरसापूर येथील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची अत्यंत नाजूक लेस विणतात आणि ती परदेशी जाते; परंतु मारिया मीस या विदुषीने 1982 साली त्यांच्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा तिला दिसले ते अल्प मोबदल्यात राबणारे आणि कामगार म्हणून कोणी मोजत नसलेले हात. म्हणून "विणा आणि चार पैसे कमवा" असा उपदेश आम्ही आमच्या मुलींना करणार नाही. त्यांच्या वाट्याला नगाचा हिशेब घरी पुरेसा आला आहे. निदान शाळेतील या एका तासात तरी हिशेब नसावा.

आता शेवटची आणि सर्वांत स्वाभाविक शंका. सुरत जिल्ह्यात थंडी ती कितीशी? चार दिवसांची पाहुणी! लोकरीचे कपडे वापरणार कोण? शंका बरोबर आहे, आणि म्हणून आमच्या वर्गात सुती धाग्याचा क्रोशाही चालतो. परंतु थंडी सर्वांना सारखी लागत नाही. पक्क्या भिंतींच्या आत जी थंडी सुखाची, तीच उघड्या शेताच्या कडेला बोचरी होते. साखर कारखान्याचा हंगाम हिवाळ्यातच चालतो. डांग, नंदुरबार, धुळे या भागांतून ऊसतोडीसाठी कुटुंबे येतात, शेताच्या कडेला पाले ठोकतात, आणि पहाटेच्या अंधारात आईबाप कोयता घेऊन निघतात. पालात उरतात ती तान्ही मुले आणि त्यांना सांभाळणारी, त्यांच्याहून थोडीशीच मोठी भावंडे. आपल्या चहात विरघळणाऱ्या साखरेत त्या पहाटेचा वाटा आहे.

1962 साली चीनने आक्रमण केले, तेव्हा हिमालयात लढणाऱ्या जवानांसाठी देशभर स्त्रियांनी आणि मुलींनी स्वेटर विणले. ज्यांनी बर्फ कधी पाहिला नव्हता अशा गावांतूनही सुया चालल्या. आमचे मागणे त्या मानाने फार लहान आहे. दहा नंबरच्या सुयांवर 64 टाके घालावे, दोन सुलट दोन उलट अशी वीतभर वीण घालावी, शेवटी टाके एका धाग्यात ओवून आवळावे आणि कड शिवावी. तान्ह्या बाळाची कानटोपी तयार होते. एक सूचना ध्यानात ठेवावी. बाजारात लोकर म्हणून मिळते ती पुष्कळदा ऍक्रिलिकची असते. ती ठिणगीने वितळून कातडीला चिकटू शकते. चुलीजवळ वावरणाऱ्या मुलांसाठी खरी लोकर किंवा जाड सुती धागा घ्यावा. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षाला एक टोपी विणली तरी आपल्या आसपासच्या पालांतील कितीतरी कान झाकले जातील. यात उपकाराची भाषा नको. ती मुले कदाचित आपल्याच गावाकडची असतील. आपण एक पिढी आधी आलो, एवढाच फरक.

शेवटच्या बाकावरील त्या मुलीचे पुढे काय झाले, हे सांगणे उरले. तिने सुया घेतल्या, थोड्या नाखुशीनेच. सहाव्या ओळीत तिचा टाका सुटला आणि तिने घाबरून आमच्याकडे पाहिले. घरी अशा वेळी नग परत येतो, पैसे जातात, हे आम्हांस तिच्या चेहऱ्यावर वाचता आले. आम्ही म्हटले, "उसव, आणि पुन्हा घाल." तिने विचारले, "काहीच कापणार नाही?" "काहीच नाही," आम्ही म्हटले.

त्या दिवशी तिने ती पट्टी तीनदा उसवली. चौथ्यांदा मात्र मध्येच थांबून तिने निळ्याऐवजी पिवळा धागा घेतला. तसे करावयास तिला कोणीही सांगितले नव्हते.